केबिनमधल्या बाकाखाली पिठासारखी पावडर पडते आहे. लाकडी होडी मोडीत काढावी लागेल का?

मोडीत काढायची घाई करू नका. आमच्या मचव्याच्या केबिनमध्येही हेच झालं होतं. बाकाखालच्या डब्यावर रोज सकाळी टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ, आणि फळीला टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. हे काम लाकूड पोखरणाऱ्या किड्याचं; सुतार त्याला बोरर म्हणतात. पाण्याखालच्या फळ्या पोखरतो तो वेगळा. तो शिंपल्याच्या कुळातला, कोरड्या केबिनमध्ये जगत नाही.

भोकं जुनीही असू शकतात. ती मेणाने बुजवा, शेजारी पेन्सिलीने तारीख घाला, खाली काळा कागद ठेवा. ताजं पीठ पडलं किंवा नवं भोक दिसलं, तर अळी आत जिवंत आहे.

मग दाभण घ्या. मी टोचलं तेव्हा सागाच्या तपकिरी गाभ्यात टोकही शिरेना; कडेच्या दोन बोटं पांढुरक्या पट्टीत मात्र ते मुठीपर्यंत गेलं. अळीला सालीलगतच्या याच लाकडातला स्टार्च हवा असतो. तेवढी पट्टी कापून जाळली आणि गाभ्याचा तुकडा बसवला. बाकी फळी अजून शाबूत आहे.

पहिल्या वर्षी मी सगळ्यांसारखं डिझेल फासलं होतं. वास महिनाभर राहिला, पीठ थांबलं नाही. शिवाय इंजिनाशेजारी डिझेल प्यालेलं लाकूड नकोच. उपयोग झाला तो टाकणखाराचा (बोरॅक्सचा): 10 लिटर गरम पाण्यात 600 ग्रॅम टाकणखार आणि 400 ग्रॅम बोरिक पावडर. वॉर्निश पूर्ण खरवडा, नाहीतर थेंबभरही आत मुरत नाही. मागची बाजू आणि सांधे धरून तीन हात द्या, भोकांत सिरिंजने सोडा. हातमोजे घाला, पोरांना लांब ठेवा. आठवडाभर सुकवून मगच वॉर्निश. जिथे पाणी साचतं तिथे मात्र हा क्षार धुऊन जातो, त्या तळच्या फळ्यांवर भरवसा ठेवू नका.

कळकळीने सांगतो, धान्यात ठेवतात त्या विषारी गोळ्या केबिनमध्ये कधीही ठेवू नका. त्यांच्यातून निघणारा वायू बंद जागेत झोपलेल्या माणसाचा जीव घेतो.

हे काम एप्रिल-मे महिन्यात, 1 जूनची मासेमारी बंदी लागण्याआधी उरका. पावसात झापांखाली लाकूड सुकत नाही. आतल्या अळ्या वर्षभर तग धरू शकतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थोडं पीठ दिसलं तरी घाबरू नका. तारखा तपासत राहा, आणि नवं भोक दिसेल तिथे पुन्हा सिरिंज.