आरोग्य प्रश्नोत्तरे : दुखते कंबर, मग चौकशी विचारांची का?

प्रश्न : मी वडोदऱ्यात दांडिया बाजार भागात राहते. माझे वय ५४ आहे आणि गेली चार वर्षे माझी कंबर दुखते. एमआरआयच्या अहवालात चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील चकती फुगल्याचे आणि झीज झाल्याचे लिहिले आहे. गोळ्या, शेक, पट्टा असे सर्व उपाय करून झाले. अलीकडे एका फिजिओथेरपिस्टनी माझ्याकडून तेरा विधानांची एक प्रश्नावली भरून घेतली आणि ‘नकारात्मक विचारांमुळे तुमची वेदनेची संवेदनशीलता वाढलेली दिसते’, असे सांगितले. तेव्हापासून घरात ‘हे सगळे मनाचे खेळ आहेत’ असा सूर लागला आहे, तर दुसरीकडे तीच मंडळी मला पाण्याची बादलीही उचलू देत नाहीत. गेली काही नवरात्रे मी गरब्याच्या मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसून काढली. माझे दुखणे काल्पनिक आहे, असे समजायचे का?

उत्तर : आपले दुखणे खरे आहे, आणि फिजिओथेरपिस्टनी सांगितले तेही बहुतांशी खरे आहे, चुकला आहे तो घरच्यांनी त्यातून काढलेला अर्थ. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या सोबतच्या टिपांत दोन गोष्टी नमूद केल्या: वेदनेवर जैविक, मानसिक व सामाजिक घटकांचा कमीअधिक प्रभाव नेहमीच असतो, आणि एखादी व्यक्ती दुखते असे सांगत असेल तर त्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. घरात सर्वांना ही दुसरी गोष्ट आवर्जून सांगावी.

आपण भरलेली प्रश्नावली बहुधा कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मायकेल सलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली असावी. तिच्यातील तेरा विधानांना प्रत्येकी शून्य ते चार गुण असतात. म्हणजे जास्तीत जास्त ५२. दुखणे डोक्यातून जातच नाही, आता काहीतरी भयंकर होणार, आणि माझ्या हातात काहीच उरलेले नाही, अशा तीन प्रकारच्या विचारांचा तीत मागोवा घेतलेला असतो. स्वभाव रडका आहे की हसरा, हे ती मोजत नाही. एरवी धीराची, घर आणि नोकरी दोन्ही समर्थपणे सांभाळणारी व्यक्तीही कमरेच्या बाबतीत ‘आज वाकले आणि नस दबली तर कायमची अंथरुणाला खिळेन’ असा विचार करीत असू शकते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ असे आपण म्हणतोच, फक्त येथे त्या चिंतेचा परिणाम मज्जासंस्थेपर्यंत पोहोचतो.

तो कसा पोहोचतो, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये असा सिद्धान्त मांडला की शरीराकडून येणारे संदेश मज्जारज्जूतून मेंदूकडे जसेच्या तसे जात नाहीत; वाटेत त्यांचे नियमन होते, आणि त्या नियमनात मेंदूकडून खाली येणाऱ्या आज्ञांचाही वाटा असतो. त्या सिद्धान्तातील काही तपशील पुढे बदलले, परंतु मूळ मुद्दा टिकला. मेंदूच्या खालच्या भागातील काही केंद्रे मज्जारज्जूतील वेदनेचे संदेश दाबूही शकतात आणि वाढवूही शकतात; भय, अपेक्षा आणि अवधान यांच्याशी निगडित असलेले मेंदूचे भाग या केंद्रांशी जोडलेले आहेत. गरब्याच्या मैदानावर गाणारा त्याच आवाजात गात असतो, पण ध्वनिवर्धकाची कळ कोणी फिरवली तर शेजारच्या गल्लीतल्यांना कानांवर हात ठेवावे लागतात. दीर्घकाळच्या कंबरदुखीत अनेकांच्या बाबतीत कमरेकडून येणारा संदेश तेवढाच राहून त्याची वाढ मात्र मज्जासंस्थेत होत असते. ही वाढ आपण जाणूनबुजून करीत नाही, त्यामुळे ‘विचार सोड’ असे कोणी म्हटल्याने ती थांबतही नाही.

ही संवेदनशीलता तपासताही येते. एक चौरस सेंटिमीटर रबरी टोक असलेले दाबमापक उपकरण कमरेच्या स्नायूवर, तसेच अंगठ्यासारख्या न दुखणाऱ्या जागी टेकवून दाब सावकाश वाढवतात, आणि दाबाचे रूपांतर दुखण्यात होताच रुग्णाने ‘थांबा’ म्हणायचे असते. दूरच्या जागीही हा उंबरठा खाली आलेला असेल, तर संवेदनशीलता कमरेपुरती राहिलेली नाही, असा तर्क करता येतो. दुसऱ्या चाचणीत बोथट सुईसारखे टोक सेकंदाला एकदा, त्याच जोराने, दहा वेळा टेकवतात. काहींना दहावा स्पर्श पहिल्यापेक्षा बराच अधिक बोचतो. भयसूचक विचारांचे गुण जास्त असलेल्यांना रोजचे दुखणे अधिक जाणवते आणि त्यांच्या हालचालीही अधिक मर्यादित झालेल्या असतात, हे पुष्कळ संशोधनांत आढळले आहे. अशा दाबाच्या व टोचण्याच्या चाचण्यांशी त्या गुणांचा संबंध मात्र बराच सौम्य आहे. शिवाय तो दुहेरी आहे. चार वर्षे दुखल्यावर कोणाचेही विचार काळवंडतील. म्हणून ‘विचारांनी दुखणे आणले’ असे विधान आपल्याविषयी कोणी करू नये, आणि आपणही स्वतःला तसा दोष देऊ नये.

एमआरआयच्या अहवालाबद्दल माझे मत थोडे कडक आहे. तो कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय रुग्णाच्या हाती देणे म्हणजे भीतीला लेखी आधार देणे होय. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० व्यक्तींच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पन्नाशीच्या सुमारास ८० टक्के लोकांच्या चकत्यांत झीज आणि ६० टक्क्यांच्या चकत्यांत फुगवटा आढळतो. आपल्या अहवालातील शब्द आपल्या वयाला साजेसे आहेत. त्यांचा दुखण्याशी काहीच संबंध नाही असे यावरून म्हणता येत नाही, पण ‘मणका कामातून गेला’ असा अर्थ त्यातून निघत नाही, एवढे खात्रीने सांगता येते.

आता उपायांकडे येऊ. ‘सकारात्मक विचार करा’ हा सल्ला मला निरुपयोगी वाटतो, कारण विचार नुसता दाबला की तो दुप्पट जोराने परततो. भीतीची परीक्षा कृतीतून घ्यावी लागते. पहिले पाऊल म्हणून रिकामी बादली उचलावी. उचलण्यापूर्वी, किती दुखेल असे वाटते, तो आकडा शून्य ते दहामध्ये वहीत लिहावा. उचलून झाल्यावर प्रत्यक्ष किती दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय स्थिती होती, तेही लिहावे. दोन आकड्यांत तफावत दिसू लागली की बादलीत तांब्याभर पाणी घालावे. चालण्याचेही तसेच. कमाटीबागेत गेल्यावर दुखेपर्यंत चालून मग बाकावर टेकण्याऐवजी, आपल्याला सहज जमेल एवढी मिनिटे आधीच ठरवावीत; त्या दिवशी बरे वाटले तरी ती ओलांडू नयेत आणि थोडे ठणकले तरी ती सोडू नयेत. दर आठवड्याला त्यांत थोडी भर घालावी. सुरुवातीला दुखणे किंचित वाढले तर त्याचा अर्थ इजा झाली असा नसतो. गरब्यासाठी नवरात्राची वाट पाहू नये; आजपासून घरातच दोन टाळ्यांच्या साध्या चालीवर एक फेरी घ्यावी, म्हणजे मैदानात उतरताना शरीराला ते नवे वाटणार नाही. घरच्यांनी हातातील बादली काढून घेणे थांबवावे. त्या काळजीमागे माया आहे, पण ‘तू मोडशील’ हाच निरोप तीतून रोज मिळत असतो.

यासाठी प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञांची मदत मिळाली तर अवश्य घ्यावी. अमेरिकेत ३४२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, विचार व वर्तन यांवर काम करणाऱ्या आठ आठवड्यांच्या उपचारानंतर, सहा महिन्यांच्या टप्प्यावर ५८ टक्के रुग्णांच्या दैनंदिन हालचालींत लक्षणीय सुधारणा दिसली; सजगता-ध्यानाच्या गटात हे प्रमाण ६१ टक्के होते आणि केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ४४ टक्के. हे आकडे चमत्कार दाखवीत नाहीत. काहीही विशेष न करता सुधारलेलेही त्यांत पुष्कळ आहेत, आणि ही बाब मला धीर देणारी वाटते.

प्रश्न : माझ्या यजमानांनाही कंबरदुखी आहे. परवापासून त्यांचे दोन्ही पाय जड झाले आहेत, बसण्याच्या जागी बधिरपणा आहे आणि लघवीला अडते. ‘मी फार विचार करतो, म्हणून असे होते’, असे ते म्हणतात. त्यांना समुपदेशनासाठी न्यावे का? (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : नाही. ही लक्षणे मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची असू शकतात आणि उशीर झाल्यास लघवीवरील नियंत्रण कायमचे जाऊ शकते. आपल्याला पत्राने स्वतंत्रपणे कळवले आहेच. इतरांसाठी येथे छापत आहोत. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे, गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि तेथे पोहोचताच कंबरदुखीच्या आधी लघवी अडल्याचे आणि बधिरपणाचे सांगावे. कंबरदुखीबरोबर ताप, कारण नसताना घटलेले वजन किंवा पूर्वी कर्करोग झाल्याचा इतिहास असेल, तरीही विचारांची प्रश्नावली बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी.