एरिन फिलिप्स या व्यावसायिक महिला फुटबॉलपटूच्या कारकिर्दीची सुरुवात कशी झाली?

सुरुवात दोनदा झाली, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. १९८५ मध्ये जन्मलेल्या एरिन ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या. वडील ग्रेग फिलिप्स हे पोर्ट ॲडलेड या ऑस्ट्रेलियन फुटबॉल क्लबचे नावाजलेले खेळाडू असल्यामुळे या खेळाचा लंबगोल चेंडू घरातलाच होता आणि साधारण तेराव्या वर्षापर्यंत त्या मुलांच्या संघातून खेळल्या. त्यानंतर मुलींना पुढे वाटच नसल्याने त्या बास्केटबॉलकडे वळल्या. हा नाइलाजाचा मार्ग, पण त्यावरून त्या २००८ च्या ऑलिंपिक रौप्यपदकापर्यंत आणि अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या दोन विजेतेपदांपर्यंत पोहोचल्या!

२०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलची महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, तेव्हा एकतिसाव्या वर्षी त्या ॲडलेड क्रोज संघाच्या सहकर्णधार म्हणून मैदानात उतरल्या. त्याच मोसमाच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने ब्रिस्बेनला ३५-२९ असे अवघ्या सहा गुणांनी, म्हणजे या खेळातील नेमक्या एका गोलाच्या फरकाने, हरवले. त्यात दोन गोल एरिन यांचे होते. सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा आणि संपूर्ण लीगमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा, असे दोन्ही मान पहिल्याच वर्षी त्यांना मिळाले.