रजिस्ट्रेशन नंबर हातात पडायच्या आधी

अगं,

इंटर्नशिप संपत आली, रजिस्ट्रेशनची कागदपत्रं गोळा करायची गडबड, एमडीएसची (डेंटलच्या पुढच्या शिक्षणाची) नीट परीक्षा द्यायची की आधी दोन-तीन क्लिनिक्सला जॉइन व्हायचं हा गोंधळ, आणि त्यात तू विचारलंस की मॅडम कोणती पॉलिसी घेऊ, बाबांच्या ओळखीचे एकजण मागे लागलेत. फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाहीये म्हणून लिहितेय. सावकाश वाच.

आधी हे समजून घे की आपल्या डेंटिस्टच्या कामात पगारी रजा नसते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला डेंग्यू झाला तर पगार चालू राहतो, पीएफ कापला जातो, कंपनीचा मेडिक्लेम असतो. तू चेअरपाशी बसशील तेवढेच पैसे, आणि दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये असोसिएट म्हणून पर्सेंटेजवर काम केलंस तर तेही महिना उलटल्यावर हातात. म्हणून पॉलिसी निवडताना टॅक्स किती वाचेल हे नंतर बघ. आधी दोनच गोष्टी विचारायच्या: पेशंटने नोटीस पाठवली तर पैसे कुठून येणार, आणि सहा महिने हातात हँडपीस (दात कोरायचं ड्रिल) धरता आला नाही तर घर कसं चालणार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे पेशंटने आपल्या कामाबद्दल भरपाई मागितली तर ती देणारी पॉलिसी. रजिस्ट्रेशन झाल्यावर पहिला पेशंट बघायच्या आधी ही घ्यायची, बाकी सगळं नंतर. १९९५ मध्ये व्ही. पी. शांता केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. आता २०१९ चा नवीन ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यातही तक्रार करायला पेशंटला घटनेपासून २ वर्षं मिळतात. तू शिकलीच आहेस की खालची अक्कलदाढ काढताना नर्व्ह जवळ असते, सगळं नीट करूनही काही जणांचा ओठ बधिर राहतो. किंवा रूट कॅनॉल करताना फाइल, म्हणजे ती बारीक सुई, आत तुटते. ही कॉम्प्लिकेशन्स आहेत, प्रत्येक वेळी निष्काळजीपणा नसतो, पण ते सिद्ध करायला वकील लागतो, तारखांना जावं लागतं, एक्स्पर्ट ओपिनियन लागतं, आणि केस जिंकलीस तरी हा खर्च होतोच. पॉलिसी तो पण खर्च उचलते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

क्लिनिकच्या सरांची पॉलिसी आहे, मला वेगळी कशाला, हे मी दरवर्षी नवीन मुलांकडून ऐकते. सरांची पॉलिसी सरांसाठी आणि त्यांच्या क्लिनिकसाठी. व्हिजिटिंग किंवा असोसिएट म्हणून काम तू केलंस, केस पेपरवर सही तुझी, तर तक्रारीत तुझंही नाव येणार. स्वतःची पॉलिसी हवीच.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आणि इथेच लोक फसतात. ही पॉलिसी क्लेम्स-मेड पद्धतीची असते. म्हणजे काय, तर ट्रीटमेंट केली तेव्हा पॉलिसी होती एवढं पुरत नाही, क्लेम तुझ्यापर्यंत आला त्या दिवशी पण ती चालू पाहिजे. समज २०२६ च्या ऑगस्टमध्ये तू दाढ काढलीस, तेव्हा पॉलिसी चालू. २०२७ मध्ये एमडीएसला नंबर लागला, प्रॅक्टिस बंद, म्हणून रिन्यू केली नाहीस. २०२८ च्या सुरुवातीला नोटीस आली. कव्हर शून्य. आधी भरलेल्या हप्त्यांचा इथे काही उपयोग नाही. म्हणून पॉलिसीवर जी रेट्रोॲक्टिव्ह डेट लिहिलेली असते, म्हणजे ज्या तारखेपासूनची कामं कव्हर होतात ती, ती जपायची, एकदाही खंड पडू द्यायचा नाही, आणि कंपनी बदललीस तर नवीन पॉलिसीवर जुनीच तारीख आलीय का हे स्वतः डोळ्यांनी बघायचं.

दुसरं म्हणजे रक्कम. एजंट म्हणेल २० लाखांची पॉलिसी, पण त्यात एका केसला किती आणि अख्ख्या वर्षाला किती हे वेगळं असतं. रेशो १:४ असेल तर त्या २० लाखांत एका केसला ५ लाखच. नवीन असताना मी १:१ घ्यायला सांगेन, कारण वर्षात चार केसेस व्हायची शक्यता फार कमी, एक मोठी केस व्हायची भीती जास्त. प्रपोजल फॉर्ममध्ये तू जे जे करतेस ते सगळं लिही. इम्प्लांट करत असशील तर इम्प्लांट, उद्या बोटॉक्स-फिलर्सचा कोर्स करून सुरू केलंस तर ते कव्हर होतं का हे लेखी विचार.

आणि पेशंट चिडून आला तर घाबरून 'चूक झाली, मी भरून देते' असं व्हॉट्सॲपवर लिहून बसू नकोस. पेशंटशी प्रेमाने बोल, त्याला काय झालंय ते खरं सांग, पुढची ट्रीटमेंट कर, पण भरपाई कबूल करायच्या आधी कंपनीला कळवावं लागतं, नाहीतर त्यांना क्लेम नाकारायला कारण मिळतं. पेशंटला समजेल अशा मराठीत लिहिलेली कन्सेंट, तारखेसकट नोट्स आणि एक्स-रे ठेवलेस तरच पॉलिसीला काही अर्थ आहे.

आता दुसरा प्रश्न, हाताचा. पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी ही आपल्यासाठी फार कामाची आणि फार स्वस्त, तरी मुलं घेत नाहीत. घेताना नुसता मृत्यूचा आकडा बघू नकोस. पर्मनंट पार्शल डिसॅबिलिटीचा, म्हणजे कायमच्या अंशतः अपंगत्वाचा तक्ता बघ. बऱ्याच पॉलिसींमध्ये पूर्ण अंगठा गेला तर रकमेच्या २५ टक्के आणि तर्जनी गेली तर १० टक्के मिळतात. डेंटिस्टची तर्जनी गेली म्हणजे जवळपास प्रॅक्टिस गेली, पण तक्ता सगळ्यांना एकच. म्हणून मूळ रक्कमच मोठी घ्यायची. शिवाय काही काळ काम बंद राहिलं तर दर आठवड्याला पैसे देणारा भाग असतो, टेम्पररी टोटल डिसॅबिलिटी म्हणतात त्याला, तो नक्की घे. माझ्या एका ज्युनियरचं पावसात गाडी घसरून मनगट मोडलं, प्लास्टर निघून फिजिओथेरपी होईपर्यंत क्लिनिक बंद, भाडं आणि चेअरचा हप्ता मात्र चालूच. तिच्याकडे हा भाग होता म्हणून ती तगली.

गाडीवरून आठवलं. तू धनकवडीहून बाबांच्या नावावरची ॲक्टिव्हा चालवतेस. गाडीच्या इन्शुरन्समध्ये १५ लाखांचं जे पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर असतं ते ओनर-ड्रायव्हरचं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे आणि लायसन्स आहे त्याचं. तुला ते लागू होत नाही. आणि नवीन टू-व्हीलरला थर्ड पार्टी ५ वर्षांची मिळते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा वर्षाचाच असतो, तो संपलाय का बघ. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापून मिळणारी प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजना आजच चालू कर, २ लाखांचं अपघात कव्हर आहे, पण तेवढ्यावर थांबू नकोस.

हेल्थ इन्शुरन्स. आईबाबांच्या फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या घराच्या एकत्र पॉलिसीत तू आहेस, पण बहुतेक फ्लोटरमध्ये मुलांना २५ वर्षांपर्यंतच ठेवतात. म्हणजे एमडीएस करता करताच बाहेर पडशील. त्याच्या आधी स्वतःची वेगळी पॉलिसी घे आणि त्याच कंपनीत मायग्रेशन, म्हणजे जुन्या पॉलिसीतून नवीनमध्ये बदली होतं का विचार, म्हणजे वेटिंग पिरियडची (काही आजार कव्हर व्हायच्या आधी थांबावं लागतं ती) झालेली वर्षं वाया जात नाहीत. रूम रेंटची अट बघ. ३ लाखांच्या पॉलिसीत १ टक्का लिमिट म्हणजे दिवसाला ३ हजारांची रूम, आणि पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात तू ६ हजारांची घेतलीस तर डॉक्टरांची फी, ओटीचे चार्जेस पण निम्म्यानेच मंजूर होतात. मॅटर्निटी हवी असेल तर तिला वेगळं वेटिंग असतं, लग्नानंतर घाईने घेऊन उपयोग नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ आणि लाइफ इन्शुरन्सच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तर जुना कोटेशनचा कागद कुणी दाखवला तर नवीन माग.

आता बाबांच्या ओळखीच्या त्या काकांकडे येऊ. त्यांना दुखवू नकोस, पण सही करू नकोस. ते जी दाखवतायत ती एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र असलेली पॉलिसी आहे, वर्षाला ४० हजार, २० वर्षं, म्हणजे ८ लाख भरायचे आणि कव्हर जेमतेम तेवढंच. तुझ्या वयाला १ कोटीची टर्म पॉलिसी (नुसता विमा, बचत नाही) याच्या चौथाईहून कमी पैशात मिळते. पण टर्म पण आत्ता लगेच हवी का, तर तुझ्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तरच. तुझ्या बाबतीत आहे, कारण एज्युकेशन लोनवर बाबा सहकर्जदार आहेत, तुला काही झालं तर बँक त्यांच्याकडे येणार आणि ते रिटायरमेंटला आलेत. म्हणून कर्जाच्या रकमेपेक्षा बरंच जास्त कव्हर घे. टॅक्स वाचतो म्हणून घे असं कुणी म्हणालं तर सांग की नवीन टॅक्स रेजिममध्ये ८०सीची सवलत लागूच होत नाही, आणि २०२५-२६ पासून त्यात १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स नाही, तुझी सुरुवातीची कमाई त्याच्या आतच असणार. क्लिनिकने टीडीएस कापला असेल तर मात्र रिटर्न भर, ते पैसे परत मिळतात, सोडून देऊ नकोस.

गुंतवणुकीचं मी आत्ता फार सांगणार नाही. आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेव, हे एसआयपीच्याही आधी. गणपती, पितृपक्ष, दिवाळी या दिवसांत लोक मोठी कामं पुढे ढकलतात हे तुला पहिल्याच वर्षी दिसेल. हे पैसे कुठे ठेवायचे हेही बघ. एका बँकेत एका माणसाचे, व्याज धरून, ५ लाखांपर्यंतचेच पैसे विम्याने सुरक्षित असतात. पुण्यात रुपी बँकेवर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि २०२२ मध्ये लायसन्सच गेलं. या शहरात कितीतरी घरांत ती वर्षं लोकांनी स्वतःच्याच पैशांची वाट बघत काढलीत. अर्धा-पाऊण टक्का जास्त व्याजासाठी सगळं एका जागी ठेवू नकोस.

स्वतःचं क्लिनिक अजून लांब आहे, पण जागा बघायला लागशील तेव्हा तळमजल्याचं भाडं आणि पाणी दोन्ही बघ. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आंबिल ओढ्याला पूर आला, २०२४ च्या जुलैमध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं. चेअर, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह जमिनीलगतच असतात. क्लिनिकच्या पॉलिसीत पूर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा भाग आहे का हे विचारूनच घ्यायचं.

सध्या एवढंच कर. इन्डेम्निटी आणि ॲक्सिडेंट या दोन पॉलिसींचे फॉर्म मागव, भरायच्या आधी मला फोटो पाठव, मी बघते. फॉर्मवर मोबाइल नंबर आणि ईमेल तुझाच टाक, एजंटचा नाही, होस्टेलचा पत्ता पण नको, कारण रिन्यूअलचे मेसेज तिकडे गेले तर तुला कळणारच नाही. नॉमिनी म्हणून आईचं नाव दे. शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते, कोथरूडला ये, सोबत लोनचं सँक्शन लेटर आण.

तुझी मॅडम