मनाच्या तत्त्वज्ञानासाठी मानसशास्त्राकडे वळावं का?

प्रश्न: मी अमळनेरला तत्त्वज्ञान घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मनाच्या तत्त्वज्ञानात पीएच.डी. करायची आहे, पण आता हे सगळं प्रयोगांवरच चालतं असं ऐकते. एम.ए.ला मानसशास्त्र घेऊ का?

उत्तर: नको, एम.ए. तत्त्वज्ञानातच कर. पद्धती बदलल्या हे खरं. 1982 मध्ये तत्त्वज्ञ फ्रँक जॅक्सननं मेरी ही काल्पनिक शास्त्रज्ञ मांडली: रंगांबद्दल सगळं जाणणारी, पण कधीच रंग न पाहिलेली. रंग पाहिल्यावर तिला काही नवं कळेल का, हे निव्वळ युक्तिवादानं तपासता येतं. 2003 मध्ये तत्त्वज्ञ जोशुआ नोबनं मात्र मॅनहॅटनच्या बागेतल्या 78 जणांनाच, प्रत्येकाला दोनपैकी एक गोष्ट देऊन, विचारलं. कंपनीचा अध्यक्ष केवळ नफ्यासाठी योजना राबवतो, पर्यावरणाची त्याला पर्वा नाही. पर्यावरणाची हानी झाली तेव्हा 82 टक्के म्हणाले, ती त्यानं जाणूनबुजून केली. भलं झालं तेव्हा तसं म्हणणारे 23 टक्केच. आता हेतूची आपली संकल्पनाच नैतिक निवाड्यावर उभी आहे, की लोकांना फक्त दोष द्यायचा होता? हे आकडे सांगत नाहीत. ते सोडवायला तुझंच शिक्षण लागतं, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

कमी आहे ती संख्याशास्त्राची. एम.ए.च्या पहिल्या वर्षातच ते शीक, सोबत 'आर' ही मोफत संगणकप्रणाली. मग हीच पाहणी अहिराणीत करून बघ. खानदेशात राहून तुला ते सहज जमेल. भाषांतर एकानं करावं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत आणावं. अर्थ सरकला असेल तर तिथेच कळतं. प्रत्येकाला दोनपैकी एकच गोष्ट द्यायची आणि ती चिठ्ठी टाकून ठरवायची. दोन्ही दिल्या तर माणूस दुसरं उत्तर पहिल्याशी जुळवून घेतो. नोबइतका मोठा फरक थोड्या माणसांतही दिसतो, पण 50 आणि 70 टक्क्यांतला फरक खात्रीनं पकडायला दर गटात 90-95 जण लागतात. बहुतेक प्रकल्प इथेच फसतात: वर्गातले तीसेक जण गाठायचे आणि निष्कर्ष मात्र सगळ्या समाजाबद्दल काढायचा. नैतिकता समितीची परवानगी पहिलं उत्तर घेण्याआधीच हवी.

प्रयोगांकडे जास्तच ओढ वाटली तर आयआयटी गांधीनगरचं बोधविज्ञानातलं (कॉग्निटिव्ह सायन्स) एम.एस्सी. बघ, पात्रता त्या वर्षीच्या माहितीपत्रकातून तपास. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतच असते, मराठीत नाही. म्हणून संज्ञा आतापासून इंग्रजीतूनही वाचत जा.