उत्तर देणाऱ्याच्या हातात काय असतं?

सोशल नेटवर्किंगमुळे धंद्यात माणुसकी वाढते की नुसती माणुसकीची जाहिरात, आणि नव्या छोट्या व्यवसायाने त्यात किती वेळ घालावा, असं तुम्ही विचारलंय. मी सहा वर्षं ग्राहकांच्या तक्रारींना उत्तरं देण्यात काढली आहेत, त्यामुळे तिथे बसून जे दिसलं तेच सांगतो.

डेव्ह कॅरोल या कॅनडातल्या गायकाचं उदाहरण आता जुनं झालं, पण अजून उपयोगी आहे. २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात त्याची गिटार मोडली. जवळपास नऊ महिने तो भरपाई मागत राहिला आणि नकार ऐकत राहिला. जुलै २००९ मध्ये त्यावरचं गाणं त्याने यूट्यूबवर टाकलं, लाखो लोकांनी ते पाहिलं, तेव्हा कुठे कंपनी भरपाईला तयार झाली. लोक याला ग्राहकाची ताकद म्हणतात. मला मात्र त्यातले नऊ महिनेच दिसतात. त्या काळात त्याच्याशी बोललेली माणसं दुष्ट असतील असं मला वाटत नाही. ‘हो’ म्हणायचा अधिकार त्यांच्याकडे नसावा. आणि ज्याला गाता येत नाही, त्याने काय करायचं?

मीही त्यांच्यासारखाच होतो. वडील गेल्यावर त्यांचं खातं बंद करा, असं एका बाईंनी लिहिलं. त्यांना गेलेलं उत्तर : ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला दिवस आनंदात जावो.’ ते मीच पाठवलं होतं. तयार मजकुरांतून एक निवडायचा आणि चार मिनिटांत पुढच्या तक्रारीकडे वळायचं, असा दंडक होता. खातं बंद करणं माझ्या हातात नव्हतंच. बाईंनी पुन्हा काही लिहिलं नाही. त्यांचे फॉलोअर लाखभर असते, तर आमचे साहेब तासाभरात स्वतः फोनवर असते. तक्रार आली की आधी फॉलोअरचा आकडा बघायची आमच्याकडे पद्धतच होती. (त्यासाठी पडद्यावर वेगळा रकाना होता, यावरून काय ते समजा.)

म्हणजे या माध्यमाने कंपन्यांना ऐकायला शिकवलं, पण ओरडणाऱ्याचंच. ज्यांना ओरडताही येत नाही, त्यांचं काय होतं ते बांगलादेशात दिसलं. २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही कपडे शिवणाऱ्या कारखान्यांची इमारत कोसळून १,१०० हून अधिक माणसं गेली. इमारतीला तडे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत पाठवलं गेलं. त्यानंतर ‘माझे कपडे कोणी शिवले?’ हा प्रश्न हॅशटॅग होऊन जगभर फिरला, आणि तो विचारला गेला हे चांगलंच झालं. पण कारखान्यांची तपासणी सुरू झाली ती ब्रँड आणि कामगार संघटनांनी सही केलेल्या, कायद्याने बांधून घेणाऱ्या करारामुळे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या १८१ कंपनीप्रमुखांनी, आम्ही फक्त भागधारकांसाठी नाही, असं निवेदन काढलं होतं. असल्या निवेदनांकडे मी फारसं लक्ष देत नाही. त्यांत मोडण्यासारखं काही नसतं.

तुम्ही लहान आहात हा तुमचा फायदा आहे. उत्तर देणाऱ्या माणसाला ठरावीक रकमेपर्यंत कोणालाही न विचारता पैसे परत करायची मुभा द्या. तक्रारी आल्या त्या क्रमाने घ्या, फॉलोअर बघू नका. शिवीगाळ सोडून कुठलीही टिप्पणी पुसू नका. चूक झाली तर नेमकं काय झालं ते लिहा. ‘तांत्रिक अडचण’ हा शब्द वापरलात की लोक ओळखतात. आणि हाताखालच्या माणसांना आधी विचारा, कारण बिघाड कुठे आहे हे त्यांना ग्राहकाच्या कितीतरी आधी कळलेलं असतं.

वेळेचं म्हणाल, तर दिवसाला अर्धा तास पुरे. पहिले सहा महिने मात्र उत्तरं स्वतः द्या. ती मुभा किती रकमेची असावी, हे त्या सहा महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळेल.