कांद्याची निर्यात थांबवायचा अधिकार कुणाचा? केंद्र आणि राज्य यांच्यात सत्ता कशी वाटलीय?

तुम्ही विचारलंय की संघराज्यात केंद्र आणि राज्यांचे अधिकार नक्की कसे वाटलेले असतात, आणि कांद्याचे भाव पडले की दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा खरं कोण बोलत असतं. मी दुसऱ्या भागापासून सुरू करतो, कारण मी निफाड तालुक्यातला, नोकरी पुण्यात असली तरी घरी अजूनही कांदा असतो, आणि हा सगळा विषय मी घटनेच्या पुस्तकातून नाही तर घरच्या कांद्यावरून शिकलोय.

डिसेंबर २०२३. आमचा लाल कांदा काढणीला आलेला, थोडा ट्रॉलीत भरूनही ठेवलेला आणि ८ तारखेपासून निर्यातबंदी लागली. आमच्याकडच्या बाजार समित्यांमधले लिलाव काही दिवस बंद पडले, परत सुरू झाले तेव्हा भाव पार खाली. अण्णा म्हणजे माझे वडील आणि गावातली दहा-पंधरा माणसं निवेदन घेऊन तालुक्याच्या कचेरीत गेली, तिथे ते घेतलं, पोच दिली, झालं. मी फोनवर अण्णांना म्हणालो की निर्यात उघडायचा अधिकार त्या कचेरीलाच काय, मुंबईत मंत्रालयातल्या कुणालाही नाही. तर ते म्हणाले, "मग कुणाला आहे? आणि दर वेळेला वेगळाच माणूस कसा निघतो?" मला नीट उत्तर देता येईना, म्हणून मी सातवं परिशिष्ट उघडून बसलो.

तर ते असं आहे. घटनेचं कलम २४६ आणि सातवं परिशिष्ट यात तीन याद्या आहेत. केंद्राची यादी, मूळ ९७ विषय: संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, बँका, चलन, आयात-निर्यात. राज्याची, मूळ ६६: पोलीस, शेती, पाणी, जमीन, आरोग्य, बाजार, सहकारी संस्था. आणि समवर्ती, मूळ ४७, ज्यावर दोघंही कायदा करू शकतात. पुढे दुरुस्त्यांनी थोडं इकडचं तिकडे झालं, त्यात सगळ्यात मोठी १९७६ ची ४२ वी दुरुस्ती, तिने शिक्षण, वनं, वन्यप्राणी, वजन-मापं आणि न्यायदानाचा काही भाग राज्याकडून उचलून समवर्ती यादीत टाकला. शाळेत एवढंच शिकवतात आणि ऐकायला सोपं वाटतं, पण वाटणी झालीय विषयांची आणि शेतकऱ्याच्या हातात असतो तो विषय नाही, कांदा असतो. एकच कांदा वाफ्यातून बोटीपर्यंत जाईस्तोवर तिन्ही याद्यांमधून फिरून येतो.

बघा. जमीन राज्याची, म्हणून सातबारा तलाठ्याकडे. शेती राज्याची. पाणीही राज्याचं, पण गोदावरी पुढे तेलंगणा-आंध्रात जाते, त्यामुळे आंतरराज्य नदी म्हणून केंद्राचाही त्यात हात, आणि राज्यांनी आपापसात किती पाणी घ्यायचं ते लवादाने ठरवलेलं. मात्र आमच्या नाशिक-नगरच्या धरणातून जायकवाडीला किती सोडायचं हे भांडण राज्याच्या घरातलं आहे, त्यात दिल्लीला दोष देऊन उपयोग नाही. वीज समवर्ती: कायदा २००३ चा केंद्राचा, महावितरण राज्याची कंपनी आणि दर ठरवणार राज्याचा वीज नियामक आयोग. म्हणजे पंपाला रात्रीची लाइट का मिळते हे विचारायचं तर राज्यालाच. युरियाचा भाव मात्र केंद्र ठरवतं. कर्जाचं तर अजून विचित्र, बँकिंग केंद्राच्या यादीत पण शेतीच्या कर्जातून दिलासा देणं हा विषय राज्याच्या यादीत चक्क लिहिलेला आहे, म्हणून बँक कुणाचीही असो, २०१७ ची आणि २०१९ ची कर्जमाफी राज्य सरकारने केली.

कांदा मार्केटला गेला की बाजार समिती राज्याच्या १९६३ च्या कायद्याखाली. लिलाव कसा चालतो, व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत तर काय, समितीची निवडणूक कधी, हे सगळं राज्याचं सहकार-पणन खातं आणि जिल्ह्याचे उपनिबंधक बघतात. भुईकाटा बरोबर आहे का ते राज्याचा वैधमापनचा माणूस तपासतो, पण ज्या कायद्याखाली तपासतो तो २००९ चा, केंद्राचा. रेल्वेने माल पाठवला तर पूर्ण केंद्र, ऑगस्ट २०२० मध्ये देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल गेली ती म्हणूनच दिल्लीच्या निर्णयाने. व्यापाऱ्याने किती साठा ठेवायचा त्याची मर्यादा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली, तो १९५५ चा, केंद्राचाच. आणि जेएनपीटीच्या, म्हणजे न्हावा शेवा बंदराच्या, गेटपाशी पोचलं की राज्याचा अधिकार संपला. परदेशी व्यापार आणि सीमाशुल्क दोन्ही केंद्राच्या यादीत. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठवून पुन्हा ४० टक्के आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात भाव (त्याखाली बाहेर विकायचं नाही), सप्टेंबरात शुल्क २० टक्के आणि शेवटी १ एप्रिल २०२५ पासून शून्य, यातल्या एकाही निर्णयावर महाराष्ट्र विधानसभेत मत घ्यायची गरज नव्हती आणि घेतलं असतं तरी ते बंधनकारक नव्हतं.

मला यात सगळ्यात जास्त खुपतं ते हे की पिकवणं, साठवणं, विकणं, नुकसान झालं की मदत देणं हे राज्याकडे, आणि भाव ज्याने एका रात्रीत बदलतो ते बटण केंद्राकडे. २०२३ च्या सुरुवातीला भाव पडले तेव्हा क्विंटलला ३५० रुपये अनुदान राज्याने दिलं. नाफेड ही शेतमाल विकत घेणारी सहकारी संस्था, तिची कांदा खरेदी केंद्राची, पण ती करवून घेतं ग्राहक व्यवहार खातं, कृषी खातं नाही. त्या खात्याचं कामच शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग पडू नये हे बघणं, आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, पण त्या टेबलावर आमच्या बाजूने बसलेलं कोण?

आता समवर्ती यादीत दोघांचे कायदे एकमेकांच्या विरुद्ध गेले तर? कलम २५४: केंद्राचा टिकतो, राज्याचा विरोधापुरता बाद. राष्ट्रपतींची संमती घेतली तर राज्याचा कायदा त्या राज्यात चालू शकतो, पण संसद नंतर तोही बदलू शकते. आणि यादीतला शब्द किती ताणायचा यावर भांडण होतं ते वेगळंच. २०२० चे कृषी कायदे आठवा, शेती आणि बाजार दोन्ही राज्याच्या यादीत असताना केंद्राने समवर्ती यादीतल्या 'अन्नधान्याचा व्यापार' या नोंदीचा आधार घेतला. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ मध्ये स्थगिती दिली, नोव्हेंबरात कायदेच मागे घेतले, त्यामुळे केंद्राला तो अधिकार होता का या प्रश्नाचा निकाल लागलाच नाही. तो लागायला हवा होता असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या पुन्हा तीच वेळ येणार.

थोडक्यात झुकतं माप केंद्राकडे आहे आणि ते मुद्दाम ठेवलेलं आहे. अमेरिकेत जे कुठे लिहिलेलं नाही ते राज्यांचं, आपल्याकडे कलम २४८ ने ते केंद्राचं. राज्याच्या सीमा बदलायच्या तर कलम ३ खाली संसद बदलू शकते, विधानसभेचं मत फक्त विचारायचं, २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही तेलंगणा झालंच. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत मसुदा मांडताना सांगितलंय की हे संघराज्य घटक राज्यांनी आपसात करार करून बनलेलं नाही, म्हणून कुणाला बाहेर पडता येणार नाही, आणि म्हणून 'युनियन' हा शब्द. फाळणी नुकतीच झालेली, तेव्हा त्यांना असं वाटणं मला समजतं. पण १९९४ च्या बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने संघराज्य हा घटनेच्या मूळ गाभ्याचा भाग धरला, म्हणजे राज्यं ही केंद्राची शाखा ऑफिसं नाहीत.

पैशाचं मी लांबवत नाही, तो वेगळा प्रश्न होईल. मोठे कर केंद्र गोळा करतं, वित्त आयोग वाटा ठरवतो, १५ व्या आयोगाने राज्यांना मिळून ४१ टक्के दिले आणि त्यातले महाराष्ट्राला ६.३ टक्क्यांच्या आसपास. पण सेस आणि सरचार्ज, म्हणजे केंद्राने लावलेले जादा कर, या वाट्यात धरतच नाहीत. जीएसटी कौन्सिलमध्ये मताचं वजन केंद्राचं एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश, निर्णयाला तीन चतुर्थांश लागतं, म्हणजे केंद्र एकटं निर्णय अडवू शकतं, राज्यांना त्यासाठी एकत्र यावं लागतं.

तर बोट कुणाकडे दाखवायचं? निर्यात, शुल्क, साठा मर्यादा, नाफेड: खासदार आणि केंद्रीय मंत्री. लिलाव, पट्टीचे (व्यापाऱ्याने विकलेल्या मालाचे द्यायचे) अडकलेले पैसे, वीज, पाणी, कर्जमाफी: आमदार आणि राज्य सरकार. राज्याचा मंत्री निर्यातीबद्दल "आमच्या हातात नाही" म्हणाला तर तो खरं बोलतोय, पण बाजार समितीबद्दल तेच म्हणाला तर नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात ४० टक्के शुल्क चालू असताना अण्णांनी पुन्हा निवेदन करायचं काढलं, यावेळी गावात बसून दोन वेगळे कागद केले, शुल्काचा खासदारांच्या नावाने आणि व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पट्टीचा उपनिबंधकांच्या. पट्टीचे पैसे दीड महिन्यात आले.