रात्री पोटरीत गोळा येतो, कॅल्शियम घेऊनही थांबत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वडील ६३ वर्षांचे आहेत, पहाटे पोटरीत गोळा येऊन ओरडत उठतात, दोन महिने कॅल्शियम चालू आहे तरी फरक नाही, आणि घरातले सगळे त्यांनाच बोलतात की 'तुम्ही पाणीच पीत नाही'. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. ज्याला वांब येतो त्यालाच दोषी धरायचं, हे मी स्वतः भोगलंय.

मी कोल्हापूरचा. शिरोलीला एका फाउंड्रीत २६ वर्षं काढली, त्यातली पहिली अकरा लोखंड वितळवणाऱ्या कपोला भट्टीवर. १९९४ चा मे महिना होता. रस १४०० अंशांच्या आसपास, वर पत्रा तापलेला, दोघं दोन बाजूंनी लॅडल (रसाचं भांडं) धरून साच्यांत ओतत होतो. दुपारपासून तांब्यामागून तांबे पाणी प्यायलो होतो, पाच-सहा लिटर तरी असेल. रात्री नऊला काम आटोपलं, भिंतीला टेकून बसलो आणि उजव्या पोटरीत गोळा आला. तो सुटतोय तोवर डावी मांडी, मग पोट, मग हाताची बोटं वाकडी झाली. बोटं सरळ करावीत तर होत नव्हती. सदरा घामानं भिजून वाळला होता, त्यावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. ते सगळ्यांना दिसत होते.

सुपरवायझर आला, वरून बघितलं आणि चार माणसांत म्हणाला, "कालची उतरली नाही वाटतं अजून."

माझ्या गळ्यात वयाच्या विसाव्या वर्षापासून तुळशीची माळ आहे. दारूनं वांब येतात हे खरं आहे, पण मी थेंबाला शिवलेलो नव्हतो. आमचे थोरले बंधू त्याच कारखान्यात स्टोअरला होते. त्यांनी घरी येऊन आईसमोर तेच सांगितलं. माझ्यापेक्षा त्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला, याचं मला अजून वाईट वाटतं.

भट्टीवरच्या एका म्हाताऱ्या मामांनी मला उताणं पाडलं, गुडघा सरळ दाबून धरला आणि पायाची बोटं नडगीकडे ओढली. मग पाण्यात लिंबू, साखर आणि मीठ घालून घोट घोट पाजलं. "नुसतं पानी पिऊन मरतोस व्हय रं," म्हणाले. अर्ध्या तासात उठून बसलो. दुसऱ्या दिवसापासून डब्याबरोबर आंबील न्यायला लागलो, ताक-मीठ घातलेली. पुढची सगळी वर्षं उन्हाळ्यात नेली आणि तसा प्रकार पुन्हा झाला नाही.

मामा शाळेत गेले नव्हते, पण त्यांचं बरोबर होतं. एक लिटर घामातून साधारण एक ते चार ग्रॅम मीठ जातं. त्या जागी नुसतं पाणी भरलं की रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं. १९२० च्या दशकात इंग्लंडच्या खोल कोळसाखाणींत हेच दिसलं होतं. घाम गाळून भरपूर पाणी पिणाऱ्या कामगारांना वांब यायचे, पाण्यात मीठ दिल्यावर कमी व्हायचे. म्हणजे 'पाणी पी, पाणी पी' हा सल्ला माझ्या बाबतीत उलटाच होता.

आता तुमच्या वडिलांचं. ते भट्टीवर नाहीत, पंख्याखाली झोपतात. त्यांचा गोळा वेगळा. या वयात रात्री असं पुष्कळांना होतं आणि बहुतेक वेळा एक ठाम कारण सापडत नाही. पोटरी थकलेली असते आणि झोपेत पाऊल खाली झुकून ती आखडून राहते, तेव्हा तिला आकुंचनाचा हुकूम देणाऱ्या नसा उगाच चेतवल्या जातात, असं मानतात. ओढ दिल्यावर सुटतं ते याचमुळे. स्नायू जिथे त्याला हाडाशी बांधणाऱ्या दोरीला (कंडरेला) जोडलेला असतो, तिथे ताण ओळखून त्याला सैल सोडायला लावणारी यंत्रणा असते. म्हणून गोळा आला की चोळत बसू नका, आधी बोटं वर ओढा किंवा उभं राहून टाच जमिनीला दाबा. उशीखाली किल्ली ठेवून काही होत नाही.

कॅल्शियमबद्दल स्पष्ट सांगतो, या त्रासावर त्याचा उपयोग होतो असा धड पुरावा नाही. मॅग्नेशियमचंही वयस्कर माणसांत तेच. माझी धाकटी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. ती सांगते की नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या लोकांना सहा आठवडे झोपण्याआधी पोटरी आणि मांडीची मागची बाजू ताणायला लावली (२०१२ चा अभ्यास), तर गोळे कमी झाले. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, टाच जमिनीवर, अर्धा मिनिट, प्रत्येक पायाला तीनदा. पैसे लागत नाहीत म्हणून कुणी करत नाही.

दोन वर्षांपूर्वी थोरल्या बंधूंनाच हे सुरू झालं. रात्री फोन आला. मी आधी विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत? बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी नवीन सुरू झाली होती. त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ती बदलली आणि त्रास बराच उतरला. मी त्यांना 'कालची उतरली नाही का' असं विचारलं नाही. १९९४ चा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी काढायला हवा होता, असं माझं मत आहे.

तेव्हा वडिलांच्या सगळ्या औषधांच्या पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा. लघवीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा उल्लेख मुद्दाम करा, पण स्वतःच्या मनानं काही बंद करू नका. क्विनीन कुणी सुचवलं तर या त्रासासाठी घेऊ नका, त्यानं रक्तातल्या प्लेटलेट घटू शकतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाण्यावरून त्यांना बोलणं मात्र आजच थांबवा.

मी मीठ-लिंबाचं एवढं सांगितलं म्हणून बीपी, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या माणसाला मीठपाणी पाजू नका, ते घाम गाळणाऱ्यासाठी आहे. चालताना पोटरी भरून येते आणि थांबल्यावर मोकळी होते, असं असेल तर पायाचा रक्तपुरवठा तपासावा लागतो. एकच पाय सुजला, गरम लागला आणि दुखत राहिला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असा पाय ताणायचाही नाही आणि चोळायचाही नाही.